उंदरांचे विष ते हृदयरोग्यांचे औषध : वॉर्फरिनचा इतिहास

१/ एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत पोहोचली की पक्षाघात होतो. तो टाळण्यासाठी दशकानुदशके दिले गेलेले औषध मुळात उंदीर मारण्यासाठी बाजारात आले होते. त्याचा हा प्रवास. #थ्रेड

२/ १९२० चे दशक. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील गुरे शिंगे कापण्यासारख्या किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी कारण शोधले : बुरशी लागलेला ‘स्वीट क्लोव्हर’चा चारा. तो टाकून देणे मात्र मंदीत होरपळलेल्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते.

३/ फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, खराब चारा आणि न गोठणारे रक्त भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठात आला. त्याची गाठ रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्याशी पडली. १९३९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दोषी द्रव्य वेगळे केले : डायकुमरॉल.

४/ त्याच कुळातील अधिक प्रभावी रसायन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून विकले जाऊ लागले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’च्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले वॉर्फरिन.

५/ १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातील एका तरुणाने आत्महत्येसाठी हे विष घेतले. जीवनसत्त्व ‘के’ देऊन तो वाचला. विषाला उतारा आहे, हे यातून ठळक झाले. १९५४ मध्ये माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

६/ याला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात, पण रक्त पातळ होत नाही. यकृतात गोठणघटक तयार होण्यासाठी जीवनसत्त्व ‘के’ लागते. वॉर्फरिन त्याच्या पुनर्वापरात अडथळा आणते. म्हणूनच पालक-मेथीचे प्रमाण एकाएकी बदलले की औषधाचा परिणामही बदलतो.

७/ एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. वॉर्फरिन तो जवळपास दोन तृतीयांशाने कमी करते, हे मात्र १९८९ नंतरच्या चाचण्यांनीच सिद्ध केले. म्हणजे मान्यता आणि हा पुरावा यांत साडेतीन दशके गेली!

८/ पेच तेथेच आहे. जो गुण गुठळी रोखतो, तोच मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव घडवू शकतो. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांचे गुण मांडून धोका तोलण्याची पद्धत रूढ झाली. रक्ततपासणीचे आकडे जगभर तुलनीय व्हावेत यासाठी १९८० च्या दशकात ‘आयएनआर’ हे माप आले.

९/ २०१० पासून वारंवार तपासणी न लागणारी नवी औषधे आली. तरीही संधिवातज्वराने झडप अरुंद झालेल्या रुग्णांसाठी (आपल्या देशात असे रुग्ण आजही आहेत) वॉर्फरिनच्या गटातील औषधेच श्रेयस्कर, असे २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले.

१०/ ‘हे तर उंदराचे औषध’ असे ऐकून घरातील एखादे आजोबा गोळी परस्पर बंद करतात. रक्तस्रावाची भीती डोळ्यांना दिसते. टळलेला पक्षाघात कोणालाच दिसत नाही. हा इतिहास त्यांना जरूर सांगा, आणि निर्णय डॉक्टरांसमोर बसून घ्यायला लावा. विष आणि औषध यांतील अंतर शेवटी मात्रेचे आणि देखरेखीचे असते.