ज्या पर्वतांना एका कैद्याचे नाव मिळाले

१/७ विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे ईशान्य सायबेरियाचे नकाशे पाहिले, तर इंदिगिर्का नदीच्या मध्य खोऱ्यात सखल प्रदेश दिसतो. प्रत्यक्षात तेथे सुमारे १,५०० किलोमीटर लांबीची पर्वतरांग उभी आहे. पोबेदा हे तिचे सर्वोच्च शिखर ३,००३ मीटर उंच आहे.

२/७ यान चेर्स्की यांचा जन्म १८४५चा. रशियन सत्तेविरुद्धच्या १८६३च्या पोलिश उठावात सामील झाल्याबद्दल त्यांना सक्तीचा सैनिक म्हणून सायबेरियात धाडण्यात आले. विद्यापीठाचे दार बंद होते. भूशास्त्र ते हद्दपारीतच स्वतः शिकले.

३/७ पुढे त्यांना माफी मिळाली. १८९१ मध्ये विज्ञान अकादमीच्या मोहिमेवर ते याकुत्स्कहून निघाले. सोबत पत्नी मावरा आणि बारा वर्षांचा मुलगा होता. डोंगर ओलांडून ते वेर्खनेकोलिम्स्कला पोहोचले आणि हिवाळा त्यांनी तेथेच काढला.

४/७ त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी १८९२ मध्ये, पश्चिमेकडील वेर्खोयान्स्क येथे उणे ६७.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. एवढी थंडी का? हिवाळ्यात सायबेरियावर उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडते. आकाश निरभ्र, वारा निपचित. बर्फाच्छादित भूमी आपली उष्णता आकाशात गमावते आणि जड झालेली थंड हवा उतारांवरून ओघळून दरीत साचते. म्हणूनच येथे डोंगरउतारांपेक्षा तळातली गावे अधिक गारठतात!

५/७ उन्हाळ्यात चित्र पालटते. समुद्राचा सौम्य स्पर्श नसल्याने जमीन झपाट्याने तापते. २० जून २०२० रोजी याच वेर्खोयान्स्कमध्ये ३८ अंश तापमान नोंदले गेले. एकाच गावात शंभराहून अधिक अंशांचा फरक!

६/७ १८९२च्या उन्हाळ्यात चेर्स्की कोलिमा नदीतून नावेने निघाले, तेव्हा ते आजाराने खंगले होते. आपण वाटेत गेलो तरी मोहीम थांबवू नये, असे त्यांनी बजावून ठेवले होते. नदीवरच त्यांचा अंत झाला. मावरांनी ठरलेला प्रवास पूर्ण केला, नोंदी चालू ठेवल्या आणि संग्रह सुखरूप पोहोचवला.

७/७ १९२६ मध्ये सेर्गेई ओब्रुचेव्ह इंदिगिर्काच्या खोऱ्यात शिरले. सखल प्रदेशाच्या जागी त्यांना शिखरांमागून शिखरे दिसली. त्या रांगेला त्यांनी चेर्स्कींचे नाव सुचवले आणि ते रूढ झाले. ज्या भूमीत साम्राज्याने एका तरुणाला शिक्षा म्हणून पाठवले, तिच्याच नकाशावर आज त्याचे नाव आहे. मावरांचे नाव मात्र त्या रांगेवर नाही. म्हणून ते येथे आवर्जून लिहिले.