वर्गांतील नाटकाचें दप्तर

दिंडोशीलगत चित्रनगरी १९७७ सालीं वसली. मराठी बालनाट्य तिच्याहून जुनें. १९५९ सालीं सुधा करमरकर यांनीं मुंबईंत ‘लिटल थिएटर’ स्थापून रत्नाकर मतकरीकृत ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणिलें. तेथें कर्ता, दिग्दर्शिका, साल, सर्व ज्ञात आहे. दिंडोशीची असो वा दुसरीकडील, शाळेच्या वर्गांत मुलें स्वतः रचितात त्या नाटकाचें तसें नाहीं. पुठ्ठ्याचा मुकुट, गोणपाटाचें चिलखत संमेलन उरकतांच रद्दींत जातात. वस्तुतः मुलानें आपल्या मनींचा राजा कसा कल्पिला, याचें अस्सल साधन तेंच. मोडी रुमाल हौसेनें जमविणाऱ्या आम्हां मंडळींनीं शाळेची संवादवही खोडाखोडीसकट मागून घ्यावी, मुकुटाच्या आंत करणाऱ्याचें नांव व इयत्ता टिपावी. मुकुट मात्र रुमालांशेजारीं ठेवूं नये. खळीला कसर लागते.