ॲल्युमिनियम वेल्डिंग : टिग मशीनवर पल्स कसा लावायचा?

आपल्या अनेक घरांतली मुलं फॅब्रिकेशनच्या कामात आहेत. लोखंडावर हात बसला की पुढची पायरी ॲल्युमिनियम. इथेच पातळ पत्र्याला भोक पडतं, माल वाया जातो आणि दिवसाची कमाई जाते. म्हणून पल्स सेटिंगची माहिती आम्ही इथे देत आहोत.

अडचण काय?
ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. उष्णता पत्राभर झटपट पसरते आणि वितळण्याआधी धातू लाल होत नाही. त्यामुळे सुरुवातीला जोड धरत नाही आणि शेवटाकडे पत्रा एकदम खाली बसतो.

पल्स काय करतो?
करंट ठरावीक वेळाने वर-खाली होतो. वरच्या करंटला धातू वितळतो, खालच्या करंटला थोडा थंड होतो. आर्क मात्र चालू राहतो.

सेटिंग कशी ठरवायची?
• पीक करंट : जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर. ३ मिमीला १२० धरा.
• बॅकग्राउंड करंट : पीकच्या ३० ते ५० टक्के.
• पीकचा वेळ : ४० टक्क्यांपासून सुरू करा.
• वेग : नवशिक्याने सेकंदाला १ ते २ पल्स ठेवावेत. प्रत्येक पीकला फिलर रॉड एकदा टेकवायचा, मग टाके सारखे पडतात.

१२० पीक, ४८ बॅकग्राउंड आणि ४० टक्के वेळ घेतला, तर सरासरी करंट सुमारे ७७ अँपिअर येतो. भोक न पडण्याचं कारण हेच. जोड धरत नसेल तर आधी पीकचा वेळ वाढवा.

हे विसरू नका
मशीनवरची एसी फ्रिक्वेन्सी आणि पल्सचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्साइड तोडायचं काम एसी करतो, पल्स नाही. म्हणून शुद्ध आर्गन वापरा, आधी ॲसिटोनने तेलकटपणा पुसा, ते पूर्ण सुकू द्या आणि मग स्टेनलेसचा वेगळा ब्रश मारा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसून वेल्डिंग करू नका. त्यातून फॉस्जिन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो.

आमचं सांगणं एवढंच : गिऱ्हाइकाच्या मालाला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या तुकड्यावर सेटिंग तपासा आणि जमलेले आकडे वहीत लिहून ठेवा.