गाळा, आरक्षण आणि सवलत : शहराच्या अर्थकारणाच्या कायद्यात शिरताना

चोपड्याला रेल्वे नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर वसलेल्या या गावातून गाडी पकडायची तर नदी ओलांडून धरणगाव किंवा अमळनेर गाठावे लागते. कापूस इकडेही पिकतो, पण गिरण्या उभ्या राहिल्या त्या रुळांच्या बाजूने : जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल. 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना काढायचे ठरले तेव्हाही निवड अमळनेरचीच झाली. त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. ही वाटणी कोणत्याही नगरपालिकेच्या ठरावाने फिरली नसती. मग आपल्या हद्दीतला धंदा वाढावा म्हणून शहर कायद्याच्या बळावर काय करू शकते, कुठवर करू शकते आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो? या प्रश्नांच्या अभ्यासाचे हे निमंत्रण आहे.

विषय भारदस्त वाटतो, पण त्यात शिरायला वकिलीची सनद लागत नाही. नगरसेवक, मुख्याधिकारी, मेनरोडवरचा गाळेधारक, ज्याच्या शेतावर विकास आराखड्यात ‘क्रीडांगण’ लिहिले गेले तो शेतकरी, कर्जाची फाईल तपासणारा बँकेतला माणूस, हे सगळे या विषयात रोज वावरतात. आपण अर्थशास्त्र आणि कायदा एकाच वेळी हाताळतो आहोत याची जाणीव मात्र त्यांना क्वचितच असते. ग्रंथालयातल्या पुस्तकांनी याचे दोन तुकडे केले आहेत. कायद्याच्या पुस्तकात कलमे मिळतात आणि बाजार मिळत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात बाजार मिळतो आणि ठराव मिळत नाही.

सुरुवात राज्यघटनेपासून करणे बरे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, 1 जून 1993 पासून ती लागू झाली. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे 18 विषय आहेत. पहिला नगररचना, दुसरा जमिनीच्या वापराचे नियमन, तिसरा आर्थिक आणि सामाजिक विकासाचे नियोजन. म्हणजे शहराच्या अर्थकारणाची आखणी हे नगरपरिषदेचे काम असू शकते असे घटनाच म्हणते. रस्ते, पाणी आणि अग्निशमनही या यादीत त्यानंतर येतात. पण काम सोपवणे राज्याच्या मर्जीवर राहिले आणि कामासाठी लागणारी हत्यारे राज्याने बहुतेक स्वतःकडेच ठेवली. नगरपरिषदेच्या सभेची विषयपत्रिका वाचली तर नळजोडण्या, गटारी, पथदिवे आणि ठेक्यांना मुदतवाढ यांतून तिसऱ्या विषयापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो.

आता सवलती. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून वेगवेगळ्या आवृत्त्यांत चालू आहे. तालुक्यांचे मागासलेपणानुसार गट पडतात, आणि गट जितका मागास तितकी सवलत मोठी : विक्रीवरच्या करातला परतावा, वीजशुल्काची माफी, मुद्रांक शुल्काची माफी, व्याजावरचे अनुदान. मुंबई–पुण्याकडे जाणारा उद्योग आतल्या जिल्ह्यांत वळावा हा हेतू. 2016 पासून विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरातही सवलत मिळू लागली. धुळे जिल्ह्यातले नरडाणा तर दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या नकाशावर आले. हे सगळे वाचून चोपड्याचा विद्यार्थी विचारतो, यात नगरपरिषद कुठे आहे? प्रश्न अगदी बरोबर आहे. भूखंड एमआयडीसीचा, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात, निर्णय मुंबईत. गावाच्या वाट्याला येते ते तालुक्याच्या नावापुढचे गटाचे इंग्रजी अक्षर.

गावाच्या स्वतःच्या हातात एक दांडा होता, जकातीचा. जकात वाईट कर होता यात शंका नाही. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, वसुलीत गळती असे, आणि कापसाच्या गाडीवर दोन गावांत दोनदा कर बसे. पण तो गावाचा होता. जुन्या प्रोत्साहन योजनांमध्ये नव्या कारखान्याला जकातीचा परतावा देण्याची तरतूद होती. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि बदल्यात राज्याचे अनुदान आले. महापालिकांत ती आणखी काही वर्षे टिकली. 2010 मध्ये जळगावसारख्या महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला; 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही सुटला आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कराने तो प्रकार संपवला. व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो रास्तच होता. मात्र आपल्या हद्दीत धंदा वाढला की आपले उत्पन्न थेट वाढते हा दुवा जकात गेली त्या दिवशी तुटला. अनुदान धंदा वाढो न वाढो, मुंबईहून येत राहते. स्थानिक विकासावर लिहिणारे या तुटलेल्या दुव्याकडे फारसे बघत नाहीत, असे मला वाटते.

मग उरते काय? जमीन आणि परवानगी. छोट्या शहराची खरी हत्यारांची पेटी हीच, आणि अभ्यासकाने सर्वाधिक वेळ इथे घालवावा.

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, 1965 च्या मूळ कलम 92 नुसार राज्याच्या मान्यतेवाचून नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता कोणाला देऊन टाकता येत नाही. स्वतःच्या अधिकारात तिला फार तर तीन वर्षांचा भाडेपट्टा करता येतो, आणि भाडेकरूने पक्के बांधकाम करायचे नाही. मागचा विचार सरळ होता : आजच्या सभेने उद्याच्या गावाची जमीन वाटून टाकू नये. व्यवहारात मात्र तीन वर्षांच्या पट्ट्यावर कोणी दुकान थाटत नाही. म्हणून व्यापारी संकुलांची वाट निघाली. नगरपालिकेची जागा, बांधकामाचा खर्च विकासकाचा किंवा कर्जाचा, गाळ्यांचा लिलाव, सुरुवातीला भली मोठी अनामत आणि नंतर वर्षानुवर्षे किरकोळ भाडे. पालिकेला एकरकमी पैसा मिळाला, व्यापाऱ्याला मोक्याची जागा मिळाली, गावाला बाजार मिळाला. पहिली काही वर्षे सगळेच खूश असतात.

मुदत संपल्यावर काय होते हे पाहायचे तर जळगावला जावे. तिथल्या नगरपालिकेने (2003 पासून महापालिका) फुले मार्केटसारखी अनेक संकुले उभारली. शहराला व्यापारी केंद्र म्हणून घडवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारणे कोत्या मनाचे होईल. 2012 मध्ये दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत संपली. पुढची दहा-बारा वर्षे गेली नोटिसा, सभेतले ठराव, न्यायालयातल्या याचिका आणि दुकाने बंद ठेवून केलेली आंदोलने यांत. नवे भाडे रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या मूल्याच्या) दराला जोडावे, असे महापालिकेचे म्हणणे. त्या दराने, वरच्या दंडासह, आमचा धंदाच बसेल, असे गाळेधारकांचे म्हणणे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि घोळाचे मूळ नेमके तिथेच आहे : करार करताना ‘मुदतीनंतर भाडे कसे ठरेल’ या ओळीवर कोणी वेळ घालवला नव्हता. तिशीत गाळा घेतलेला माणूस साठीला येतो, दुकानात मुलगा बसू लागतो, आणि पालिकेची मालमत्ता घरची वाटू लागते. त्याला लबाड म्हणण्यात अर्थ नाही. कागदाने त्याला तसे वाटू दिले.

जळगावचा दुसरा धडा कर्जाचा. 1990 च्या दशकात घरकुलांसह अनेक योजनांसाठी हुडको या सरकारी वित्तसंस्थेकडून कर्ज उचलले गेले. ते फेडताना पालिकेची दमछाक झाली आणि मामला कर्जवसुली न्यायाधिकरणापर्यंत गेला. घरकुल योजनेचा खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि 2019 मध्ये लोकप्रतिनिधींसह अनेकांना शिक्षा सुनावल्या गेल्या. त्या खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. अभ्यासकाने पाहावे ते त्याचे सावट : अशा निकालानंतर खानदेशातल्या किती मुख्याधिकाऱ्यांनी एखाद्या धाडसी, प्रामाणिक योजनेवर सही करताना हात आखडता घेतला असेल? हे मोजायचे साधन आपल्याकडे नाही, पण प्रश्न वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे.

परवानगीचा भाग महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये येतो. विकास आराखड्यात नगरपरिषद बाजार, शाळा, बगिचा, ट्रक टर्मिनस यांसाठी खासगी जमिनी आरक्षित करते. कागदावर हे फुकट असते. पैसे लागतात संपादन करताना, आणि ते नसतात. कलम 127 सांगते : दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालकाने सूचना द्यावी, त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत आधी सहा महिने होती, 2009 मध्ये बारा झाली, 2015 मध्ये चोवीस. मुदत चौपट झाली, तिजोरी चौपट झाली नाही. त्यामुळे आरक्षणाखालची जमीन वर्षानुवर्षे पडीक राहते. मालक बांधत नाही, पालिका घेत नाही. भर वस्तीत अशी जागा अडकून पडली की बाजार गावाबाहेरच्या रस्त्याकडे सरकतो.

यावर रोकड न देता मोबदला देण्याची युक्ती म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, बोलीभाषेत टीडीआर. मालकाने आरक्षित जमीन द्यायची आणि बदल्यात दुसरीकडे जादा चटई क्षेत्र वापरण्याचा हक्क घ्यायचा. डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने राज्यातल्या बहुतेक शहरांना हे नियम एकाच चौकटीत आणून दिले. मुंबई–पुण्यात या हक्काला गिऱ्हाईक मिळते, कारण तिथे प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे. चोपड्यासारख्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या गावात घराला दोन मजले पुरतात, शेजारी ले-आऊट पडलेले आहेत. मग जादा चटई क्षेत्राचा कागद विकत घेणार कोण? मोठ्या शहरासाठी घडवलेले हत्यार छोट्या गावाच्या हाती दिले की ते असे हातातच राहते. माझ्या मते या विषयातले खरे संशोधन इथे व्हायला हवे.

बाहेरचे जग यापेक्षा शहाणे आहे असे समजू नये. अमेरिकेत मिसिसिपी राज्याने 1936 मध्ये कारखाने ओढून आणण्यासाठी सरकारी रोख्यांची योजना काढली आणि तेव्हापासून तिथली राज्ये आणि शहरे सवलतींच्या लिलावात एकमेकांविरुद्ध उभी आहेत. 2017 मध्ये ॲमेझॉनने दुसरे मुख्यालय काढायचे जाहीर केले तेव्हा 238 ठिकाणांहून प्रस्ताव गेले. न्यू लंडन या छोट्या शहराने आर्थिक विकासासाठी लोकांची राहती घरे संपादित केली. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. शेजारी ज्या औषध कंपनीच्या भरवशावर बेत आखला होता तिने 2009 मध्ये शहर सोडायचे जाहीर केले, आणि घरांच्या जागी गवत वाढले. गाव श्रीमंत असो वा गरीब, देतानाचा कागद सगळे वाचतात. जातानाचे कलम कोणी वाचत नाही. चहार्डीचा चोपडा शेतकरी सहकारी साखर कारखाना भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला तेव्हाही सभासदांना पुढचे वर्ष सुरळीत जाईल का हेच आधी पाहावे लागले. दूरच्या वर्षाचा प्रश्न मागेच पडतो. तो कायदा सहकाराचा, नगरपरिषदेचा नव्हे, पण कराराचा स्वभाव एकच.

दोन लहान हत्यारे इथे नोंदवतो, कारण त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. एक, भौगोलिक मानांकन. 1999 च्या कायद्याखाली 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला ते मिळाले. यात भूखंड द्यावा लागत नाही की कर सोडावा लागत नाही. मात्र नाव नोंदवल्याने भाव येत नाही. दर्जा तपासणारी, प्रमाणित करणारी आणि खोट्या मालावर दावा ठोकणारी यंत्रणा लागते. दुसरे, 2014 चा पथविक्रेता कायदा. हातगाड्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती, जिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत. गावातल्या सर्वाधिक लोकांना रोजगार देणारा कायदा कोणता, असा प्रश्न परीक्षेत आला तर मी उत्तरात एमआयडीसीच्या कायद्याच्या आधी हाच लिहीन. बाजार वसुलीचा ठेकेदार आणि ही समिती यांचे जमते कसे, यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

नव्या अभ्यासकाने वाचन कुठून सुरू करावे? मुंबईच्या धोरणपुस्तिकांपासून नको. आपल्या गावच्या नगरपरिषदेत जावे आणि तीन कागद मागावेत, गरज पडल्यास माहिती अधिकारात : गाळ्यांची नोंदवही, विकास आराखड्यातल्या आरक्षणांची यादी, आणि मागच्या पाच वर्षांचा अर्थसंकल्प. नोंदवहीत प्रत्येक गाळ्यापुढे मुदत संपण्याची तारीख लिहिलेली आहे का, ते पाहावे. यादीतल्या प्रत्येक आरक्षणाला किती वर्षे झाली ते काढावे. अर्थसंकल्पात घरपट्टी, भाडे आणि अनुदान यांचे प्रमाण मांडावे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर मध्यंतरी काही वर्षे निवडणुकाच न झाल्यामुळे प्रशासक होते. त्या काळातले करार सभेच्या चर्चेशिवाय एका सहीने झालेले सापडतील, ते वेगळे काढून ठेवावेत. पुढे त्यांचीही मुदत संपणार आहे, आणि तेव्हा समोर बसलेला मुख्याधिकारी दुसराच कोणी असेल.