रक्तनमुना संकलन प्रशिक्षण
तपासणीसाठी शिरेतून रक्त काढण्याचे तांत्रिक शिक्षण. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (स्थापना १९६९) व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हींच्या रुग्णालयांत प्रयोगशाळेचे काम अखंड चालते. रक्त काढताना दंडाचा पट्टा कोपराच्या चार बोटे वर बांधावा, मिनिटाच्या आत सोडावा. शीर डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. ते केवळ सरावाने येते. स्पिरिट वाळण्याआधी सुई टोचली तर झोंबते, पेशीही फुटू शकतात. नळ्यांचा क्रम पाळावाच लागतो : निळी, लाल, मग जांभळी. जांभळीतील ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) लाल नळीत गेल्यास पोटॅशियम खोटे वाढते, कॅल्शियम घटते. विदर्भात सिकलसेल आजार आढळत असल्याने त्याच्या तपासणीसाठी बोटाच्या टोकातून थेंब घेण्याचे कौशल्यही इथे तितकेच मोलाचे.