उपनगरांतला रंधा

मुंबईच्या उपनगरांत दारे, खिडक्या नि पलंग घडले ते रंध्याच्या जोरावर. जुना रंधा म्हणजे बाभूळ किंवा शिसवीसारख्या कठीण लाकडाचा ठोकळा. त्यात सुमारे ४५ अंशांत तिरके पाते बसवून लाकडी पाचरीने घट्ट करत. पाते पुढे काढायचे तर त्याच्या डोक्यावर हलकी ठोक, मागे घ्यायचे तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर. ही ठोक अंगवळणी पडणे हीच सुताराची खरी शिकवण. सागवानाच्या रेषेच्या उलट रंधा चालला की लाकूड उचकटते. पाते परजलेले असेल तर मात्र कागदासारखी पातळ, सलग ढलपी निघते.

१८६७ मध्ये बोरिवली-अंधेरीमार्गे विरारची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत लिओनार्ड बेलीने स्क्रूने पाते खाली-वर करणाऱ्या रंध्याचे पेटंट घेतले. पुढे असे लोखंडी रंधे इथल्या सुतारांच्याही हाती आले.

जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात आज विजेचा रंधा घरघरतो. प्लायवूड आणि सनमायकाने हातरंध्याचे काम बरेच कमी केले. अडकणारे दार तासताना, कड जुळवताना तो आजही लागतो.