बाणकोटची गुरं आणि दिवसाला एक रुपया

आजचा एपिसोड गुरांच्या खाण्यावर आहे. पण सुरुवात एका किल्ल्यापासून करू.

मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोट. खाडीपलीकडे हरिहरेश्वर. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि नाव दिलं फोर्ट व्हिक्टोरिया. पुढच्याच वर्षी पेशव्यांशी तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना गेला, बाणकोट इंग्रजांनी ठेवलं. तोट्याचा सौदा वाटतो ना? पण बाणकोटमध्ये त्यांना बंदर मिळालं, आणि शिवाय एक गोष्ट जी शाळेच्या पुस्तकात येत नाही: गोमांस. मुंबईला लागणाऱ्या जहाजांना ते हवं असायचं. आजूबाजूच्या हिंदू मुलखातून गुरं मिळत नसत, बाणकोटकडे मुस्लिम वस्ती मोठी असल्याने मिळायची.

आता ही गुरं खायची काय? तर माळावरचं गवत. भात कापलं की गुरं मोकळी सोडायची, कोकणात त्याला उनाड सोडणं म्हणतात. इथली जात अंगाने लहान. आज तिला ‘कोकण कपिला’ म्हणतात, २०१८ मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली. दूध दिवसाला दोन-सव्वादोन लिटर. म्हणून तिच्यावर पैसे घालायचा प्रश्नच येत नसे. तिचा खरा उपयोग नांगराला आणि शेणाला. तरवा भाजायला शेण लागतंच. म्हातारं जनावर शेवटी विकलं जायचं. थोडक्यात, चारा फुकट आणि शेवटी चार पैसे हातात.

हा हिशोब दोन बाजूंनी मोडला. नांगराचं काम पॉवर टिलर करू लागला. आणि मार्च २०१५ मध्ये राज्याचा सुधारित कायदा लागू झाला. गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती, आता बैल आणि वळूही त्यात आले. कायदा बरोबर की चूक यावर लोक भांडतात, भांडू देत. गोठ्यातला प्रश्न वेगळा आहे: जे जनावर विकता येत नाही, त्याला मे महिन्यापर्यंत जगवायचं कशावर?

कारण फुकटचा चारा वर्षभर फुकट नसतोच. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, गवत कमरेएवढं. दिवाळीनंतर तेच वाळून काडी होतं. पोट भरतं, पण प्रथिनं नसतात. गायीच्या पोटातले जंतू काडी पचवतात, त्यांना नायट्रोजन लागतो. तो मिळाला नाही तर काडी नुसती पडून राहते, जनावर खातंही कमी. वर जांभ्याची जमीन फॉस्फरस धरून ठेवते, गवतात उतरू देत नाही. गुरं हाडं, चिंध्या चघळताना दिसतात ना, ते बऱ्याचदा यामुळे.

अशा वेळी लोक पेंडीचं पोतं आणतात. माझ्या मते दोन लिटरच्या गायीला ते परवडणारच नाही. स्वस्त उपाय उडवीतल्या पेंढ्यातच आहे. १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, पाय देऊन दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. युरियाचा अमोनिया होतो, काडी मऊ पडते आणि जंतूंना नायट्रोजन मिळतो. प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. खायला घालायच्या आधी थोडा वेळ पसरून वास जाऊ द्यायचा.

खर्च? युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना, म्हणजे ४ किलो २४ रुपयांत. लहान जनावर दिवसाला चार किलो पेंढा खातं असं धरलं, तर २५ दिवस पुरतो. दिवसाला एक रुपया! सोबत रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मीठ.

हे काही कालचं संशोधन नाही. १९८० च्या दशकात आणंदच्या एनडीडीबीने ऑस्ट्रेलियाच्या रॉन लेंग यांच्यासोबत युरिया आणि मळीची चाटण वीट तयार केली, तीही याच तत्त्वावर.

एक गोष्ट मात्र कानात घट्ट बसवा. युरिया कधीही पाण्यात घालून पाजायचा नाही, मुठीने चारायचा नाही, आणि सहा महिन्यांखालच्या वासराला हा पेंढा द्यायचा नाही. उपाशी जनावराला तर पहिल्या दिवशी थोडाच, मग आठवडाभरात वाढवत न्यायचा. उरलेली गोणी गोठ्यापासून लांब ठेवा, कारण गुरं ती पोत्यासकट चाटतात.